बफर परत कधी द्यायचा? : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

चाकण, भोसरी आणि हिंजवडी या पट्ट्यात वाहनांच्या डिजिटल डॅशबोर्डवर काम करणारे वाढले, तसतशी स्क्रीन, कंपोझिटर आणि ग्राफिक्स मेमरी यांविषयीची पत्रेही या सदराकडे जास्त येऊ लागली आहेत. या खेपेची पाच पत्रे वरकरणी वेगवेगळी वाटली तरी त्यांचे दुखणे एकाच जागी आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की लिनक्सवरच्या वेलँड पद्धतीत प्रत्येक अ‍ॅप आपले चित्र मेमरीच्या एका तुकड्यात, म्हणजे बफरमध्ये काढते आणि तो बफर कंपोझिटर नावाच्या प्रोग्रामच्या हवाली करते. कंपोझिटर सगळ्या अ‍ॅप्सची चित्रे एकत्र करून स्क्रीनवर दाखवतो. क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडचे काम सुरू केले आणि त्याची १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. अ‍ॅपने बफर सरफेसला, म्हणजे खिडकीच्या चित्राच्या जागेला, जोडायचा, कमिट करायचा (दाखवण्यासाठी पक्का करायचा), आणि कंपोझिटरने ‘रिलीज’ कळवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यातला मूळ करार आहे.

प्रश्न : आम्ही दुचाकींसाठी डॅशबोर्ड तयार करतो. स्क्रीन १२८० × ७२० ची आहे आणि नकाशा वेगळी प्रोसेस काढते. आमच्या कंपोझिटरमध्ये प्रत्येक बफरला ‘बिझी’ असा एक फ्लॅग आहे. नवा बफर कमिट झाला की आम्ही आधीचा लगेच रिलीज करत होतो; तेव्हा अधूनमधून नकाशाचा खालचा भाग पुढच्या फ्रेमचा दिसे. म्हणून आम्ही रिलीज एका फ्रेमने उशिरा द्यायला लागलो, म्हणजे तिसरा बफर आला की पहिला सोडायचा. आता चित्र तुटत नाही, पण नकाशाचे एक अ‍ॅप सुरू होताच गोठते. दुसरे अ‍ॅप मात्र नीट चालते. नेमके चुकते काय? – एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमची दोन्ही लक्षणे एकाच चुकीची आहेत. बफर कधी सोडायचा हे तुम्ही अ‍ॅपच्या पुढच्या हालचालीवरून ठरवत आहात. ते कंपोझिटरच्या स्वतःच्या कामावरून ठरायला हवे.

पहिले लक्षण पाहू. तुमचा नकाशा पूर्ण स्क्रीनभर असताना कंपोझिटर त्याची नक्कल न करता तोच बफर थेट डिस्प्ले हार्डवेअरकडे देत असणार. हार्डवेअर तो बफर वरून खाली, ओळीमागून ओळ असा वाचते, आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फेरीला सुमारे १६.६७ मिलिसेकंद लागतात. समजा ‘क’ हा बफर स्क्रीनवर आहे आणि अ‍ॅपने ‘ख’ कमिट केला. तुम्ही ‘ख’ कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, पाठवलात तरी ती अदलाबदल पुढच्या उभ्या विरामात, म्हणजे एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधीच्या फटीत, होते; तोवर हार्डवेअर ‘क’च वाचत असते. तुम्ही मात्र ‘ख’ हाती पडताक्षणी ‘क’ सोडला, अ‍ॅपने त्यात पुढचे चित्र काढायला घेतले, आणि हार्डवेअर त्या वेळी अर्ध्यावर पोहोचलेले असल्यामुळे उरलेल्या अर्ध्या भागात त्याला नवे चित्र मिळाले. खालचाच भाग बिघडतो, वरचा कधीच नाही, ही तुमच्या पत्रातली नोंद याच्याशी तंतोतंत जुळते. ‘क’ मोकळा होतो तो ‘ख’ कमिट झाल्यावर नव्हे, तर ‘ख’ स्क्रीनवर आल्याची, म्हणजे पेज-फ्लिप पूर्ण झाल्याची सूचना कर्नलकडून आल्यावर.

दुसरे लक्षण म्हणजे सरळसरळ कोंडी आहे. गोठणाऱ्या अ‍ॅपकडे दोनच बफर असणार. त्याने ‘क’ दिला, ‘ख’ दिला, आणि आता त्यांतला एक परत मिळाल्याशिवाय ते पुढे काढू शकत नाही. तुम्ही ‘क’ सोडणार तिसरा बफर आल्यावर, आणि तिसरा येणार ‘क’ सुटल्यावर. ज्या अ‍ॅपकडे तीन बफर आहेत ते चालते, म्हणून तुम्हाला दोष अ‍ॅपचा वाटला. पण दोन बफरांवर चालणारे अ‍ॅप नियमात बसते आणि कंपोझिटरने ते चालवलेच पाहिजे.

आता त्या फ्लॅगविषयी. एका वेळी एका बफरला धरून ठेवणारे अनेक असतात. सरफेसची चालू स्थिती त्याला धरून असते. कमिट झालेली पण अजून लागू न झालेली स्थिती धरून असते. उपसरफेस (दुसऱ्या सरफेसच्या आत बसलेला सरफेस) पालकाच्या कमिटसाठी थांबलेला असेल तर असा साठवलेला बफर स्क्रीनवर न येताच दुसऱ्याने बदलला जाऊ शकतो, आणि तोही सोडायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात. जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरला, दिलेले पण पूर्ण न झालेले काम त्याला धरून असते. डिस्प्ले हार्डवेअर धरून असते. खिडकी बंद होतानाचे अ‍ॅनिमेशन किंवा स्क्रीनशॉट काढणारा भाग धरून असू शकतो. यांतला कोण आधी संपेल हे सांगता येत नाही. खोलीतून जो शेवटी बाहेर पडेल त्याने दिवा मालवायचा, एवढाच नियम येथे चालतो, आणि त्यासाठी हो-नाही सांगणारा फ्लॅग पुरत नाही, मोजणी लागते. व्‌ल्‌रूट्स या कंपोझिटर बांधण्याच्या लायब्ररीत प्रत्येक बफरला लॉकची, म्हणजे धरून ठेवणाऱ्यांची, संख्या आणि ‘ड्रॉप’ झाल्याची खूण अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. लॉक शून्यावर आले की रिलीज जातो. लॉकही शून्य आणि निर्मात्यानेही बफर सोडलेला, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच तो नष्ट होतो. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते, कारण ‘आता कोणी वाचत नाही’ आणि ‘आता कोणालाच नको’ ही दोन विधाने निराळी आहेत आणि आपल्याकडच्या घरगुती कंपोझिटरांत ती सर्रास एकत्र कालवलेली असतात.

उलट बाजूने चूक झाली, म्हणजे एखादा लॉक सोडायचा राहिला, तर काय दिसते तेही ध्यानात ठेवा. तुमचा एक बफर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून ३६,८६,४०० बाइटचा आहे. मोकळा बफर मिळाला नाही की नवा मागणारे अ‍ॅप असेल, तर सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने ते २२ कोटींहून अधिक बाइट मागत जाईल आणि १ जीबीचे यंत्र पाच सेकंदांत घायकुतीला येईल. मेमरी वाढताना दिसते अ‍ॅपच्या नावावर, दोष असतो कंपोझिटरचा. अशा वेळी अ‍ॅपच्या लेखकाला धारेवर धरण्याआधी आपला हिशोब तपासावा.

जाता जाता आणखी एक. फ्रेम कॉलबॅक आणि रिलीज यांची गल्लत करू नका. ‘पुढचे चित्र काढायला आता हरकत नाही’ असे कॉलबॅक सांगतो. ‘ही मेमरी आता तुझी’ असे रिलीज सांगतो. रिलीज त्याच कमिटच्या कॉलबॅकच्या आधी आला तर अ‍ॅपला दुसऱ्या बफरची गरजच पडत नाही, असे वेलँडच्या प्रोटोकॉलमध्येच नमूद आहे. कंपोझिटर चित्राची स्वतःची प्रत काढून घेतो तेव्हा असे घडते.

प्रश्न : आमचे अ‍ॅप क्रॅश झाले की संपूर्ण डिस्प्ले क्षणभर काळा होतो, मग सावरतो. याखेरीज, व्हिडिओ दाखवणाऱ्या एका खिडकीत कधी कधी भलत्याच खिडकीतले चित्र येते किंवा कर्नल ‘असा हँडल नाही’ म्हणून आमची मागणी फेटाळतो. दोन्ही दोष ठरावीक वेळी येत नाहीत, त्यामुळे पकडणे अवघड झाले आहे. कंपोझिटर आमचाच आहे आणि बफर डीएमए-बफ स्वरूपात येतात. – एक वाचिका, बाणेर

उत्तर : अ‍ॅप मेले म्हणजे त्याचा बफरही मेला, अशी समजूत तुमच्या कोडमध्ये कुठेतरी दडलेली आहे. प्रत्यक्षात एका बफरची तीन आयुष्ये असतात. प्रोटोकॉलमधले बफर ऑब्जेक्ट अ‍ॅपबरोबर जाते. तुमच्या कंपोझिटरमधली त्याची नोंद तुमच्या लॉकवर जगते. आणि खरी मेमरी कर्नलच्या मोजणीवर जगते. डीएमए-बफ ही यंत्रणा सुमित सेमवाल यांच्या कामातून २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये आली. तिच्यात बफरकडे बोट दाखवणारा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) एका प्रोसेसकडून दुसरीकडे जातो, आणि शेवटचा धारक जाईपर्यंत मेमरी टिकते. अ‍ॅपला कर्नलने मारले तरी तुमच्या हातातला डिस्क्रिप्टर किंवा त्यावरून केलेले टेक्श्चर (जीपीयू वापरतो ते चित्र) जिवंतच असते. तेव्हा अ‍ॅप गेल्यावर घाईने काही मोडून टाकायची गरज नाही.

तुम्ही बहुधा तेच करत आहात. अ‍ॅपचा सॉकेट बंद झाला की वेलँडची लायब्ररी त्याची सगळी ऑब्जेक्ट्स नष्ट करते. बफरचे ऑब्जेक्ट नष्ट झाल्याची सूचना आली की तुमचा कोड त्या बफरसाठी कर्नलमध्ये नोंदवलेला फ्रेमबफर (स्क्रीनवर लावण्यासाठीची बफरची नोंद) आरएमएफबी या कॉलने काढून टाकतो. हा कॉल दिसतो तितका साधा नाही. काढून टाकलेला फ्रेमबफर त्या क्षणी स्क्रीनवर असेल तर कर्नल तो ज्या प्लेनवर, म्हणजे डिस्प्ले हार्डवेअरच्या ज्या थरावर, आहे ते प्लेन बंद करतो, आणि ते मुख्य प्लेन असेल तर बहुधा पूर्ण डिस्प्लेच बंद होतो. तुमची काळी स्क्रीन ती हीच. पुढची फ्रेम आली की कंपोझिटर डिस्प्ले पुन्हा चालू करतो, म्हणून ‘मग सावरतो’. उपाय असा, की फ्रेमबफरचे आयुष्य प्रोटोकॉल ऑब्जेक्टला बांधूच नये. स्क्रीनवर दुसरे काही आल्याची फ्लिप-सूचना मिळाल्यावरच तो काढावा. नव्या कर्नलमध्ये क्लोजएफबी असा वेगळा कॉल आहे, तो डिस्प्लेला धक्का न लावता फक्त आपला हक्क सोडतो; तुमच्या कर्नलमध्ये तो असेल तर जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर हिशोब ढिला सोडू नका.

येथे एक पथ्य. अ‍ॅप गेल्यावर त्याची सरफेस, बफर आणि बाकीची ऑब्जेक्ट्स कोणत्या क्रमाने नष्ट होतील यावर विसंबून काहीही लिहू नये. बफरच्या नोंदीत प्रोटोकॉल ऑब्जेक्टचा पॉइंटर असेल तर ते नष्ट झाल्याच्या सूचनेत तो रिकामा करावा आणि नोंद तशीच चालू ठेवावी. पुढे लॉक शून्यावर आले की रिलीज पाठवायला कोणी उरलेलेच नसते. तेवढे तपासले की झाले. जिवंत अ‍ॅपनेही रिलीज यायच्या आधी बफरचे ऑब्जेक्ट मोडले तर प्रोटोकॉलला ते चालते. त्यातली मेमरी पुन्हा वापरायची नाही एवढीच अट असते, आणि ती मेमरी बदलली तर मात्र सरफेसवर काय दिसेल याची हमी त्या क्षणापासून नसते. कंपोझिटरने चित्र कसेही दाखवावे, कोसळू नये.

भलत्या खिडकीचे चित्र येण्याचे कारण अधिक गमतीचे आहे आणि त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. डीएमए-बफ स्क्रीनवर लावण्यासाठी आधी त्याचा जेम हँडल, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स मेमरीतली त्याची ओळख, घ्यावी लागते. हँडल हा नुसता पूर्णांक असतो. एकाच डीआरएम डिस्क्रिप्टरवर (डीआरएम हा कर्नलचा ग्राफिक्स विभाग) तोच बफर दुसऱ्यांदा आयात केला तर कर्नल नवा हँडल देत नाही, पहिलाच परत देतो; आणि किती वेळा दिला याची मोजणी त्या हँडलपाशी नसते. दोनदा आयात आणि एकदा बंद, एवढ्यावर हँडल गेला. दुसरा धारक आता एक मेलेला आकडा हातात घेऊन बसला आहे. कर्नल तो आकडा पुढच्या आयातीला देऊन टाकतो, आणि तुमचा दुसरा धारक त्याच आकड्याने भलताच बफर स्क्रीनवर लावतो. आकडा अजून कोणाला दिला गेला नसेल तर ‘असा हँडल नाही’ हे उत्तर मिळते. तुमची दोन्ही लक्षणे येथे जुळतात, आणि ती ठरावीक वेळी का येत नाहीत तेही यावरून कळते.

तुमच्या बाबतीत दोनदा आयात कुठे होते? व्हिडिओ म्हणता त्यावरून एक शक्यता अशी, की चित्र एनव्ही१२ स्वरूपात आहे. त्यात उजळपणाचा आणि रंगाचा असे दोन भाग असतात, पण दोन्ही पुष्कळदा एकाच मेमरीत असतात. दोन्ही भागांसाठी आयात केल्यावर एकच हँडल दोनदा मिळतो आणि तुमचे साफसफाईचे लूप तो दोनदा बंद करते. पहिल्या वेळी बरोबर, दुसऱ्या वेळी निष्फळ. आणि मध्ये दुसऱ्या थ्रेडने नवी आयात केली असेल तर तिचा हँडल बंद. दुसरी शक्यता, तुमचा कंपोझिटर आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीचा ड्रायव्हर दोघे एकच डीआरएम डिस्क्रिप्टर वापरत आहेत. मग तुम्ही हँडल बंद केला की ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन सरकते. रेंडरिंगसाठी वेगळा डिस्क्रिप्टर उघडावा. फ्रेमबफर नोंदवून झाला की तो मेमरीवरचा आपला हक्क स्वतःच राखतो, त्यामुळे हँडल तिथल्या तिथे, प्रत्येक वेगळा आकडा एकदाच, बंद करून मोकळे व्हावे. हँडल बराच काळ जपायचाच असेल तर आपल्या बाजूला हँडलवार मोजणीचा तक्ता ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

एक सल्ला न मागता देतो. वेगाचा आकडा आणि इशाऱ्याचे दिवे नकाशाच्या बफरवर अवलंबून राहणार नाहीत अशा स्वतंत्र प्लेनवर ठेवा. हिशोब कितीही चोख असला तरी रस्त्यावरच्या गाडीत ही खबरदारी हवीच.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी छोटा कंपोझिटर लिहिला आहे, त्यात फक्त सामायिक मेमरीचे बफर चालतात. मित्राने मुद्दाम एक वाईट अ‍ॅप लिहून बफर दिल्यानंतर फाइल लहान केली, तर माझा कंपोझिटर सिगबस येऊन कोसळला. दोष अ‍ॅपचा आणि मरतो कंपोझिटर, हे कसे टाळायचे? – एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : मित्राला माझा नमस्कार सांगा, अशी चाचणी घेणारा मित्र प्रकल्पात असावा.

मेमरी मॅप केलेली फाइल मागून लहान केली तर नाहीशा झालेल्या भागाला हात लावताच कर्नल सिगबस पाठवतो. वेलँडच्या लायब्ररीत सामायिक मेमरी वाचण्यापूर्वी ‘बिगिन अ‍ॅक्सेस’ आणि वाचून झाल्यावर ‘एंड अ‍ॅक्सेस’ असे दोन कॉल आहेत. वाचन या दोहोंच्या मध्ये असेल तर लायब्ररी तो सिग्नल स्वतः झेलते, नाहीशा झालेल्या जागी शून्यांनी भरलेली मेमरी बसवते, आणि शेवटी दोषी अ‍ॅपला त्रुटी पाठवते. अ‍ॅप मेमएफडीचा, म्हणजे मेमरीतच राहणाऱ्या निनावी फाइलचा, वापर करत असेल तर त्यावर ‘लहान करता येणार नाही’ असे सील लावता येते. ही सोय २०१४ मध्ये लिनक्स ३.१७ पासून आली. पण सील लावणे अ‍ॅपच्या हातात आहे, तुमच्या नाही, म्हणून त्या दोन कॉलना पर्याय नाही.

तुमच्या प्रकारात आयुष्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. चित्र जीएलटेक्ससबइमेज२डीसारख्या कॉलने टेक्श्चरमध्ये चढवलेत, की तो कॉल परतल्यावर अ‍ॅपच्या मेमरीची गरज उरत नाही. बफर तिथेच रिलीज करा. पूल, म्हणजे ज्यातून बफर घडवले जातात तो सामायिक मेमरीचा मोठा तुकडा, नष्ट झाला तरी त्यातून घडवलेला शेवटचा बफर जाईपर्यंत मॅपिंग टिकवायचे असते. आणि अ‍ॅपने पूल मोठा करून घेतला तर मॅपिंगची जागा बदलू शकते, तेव्हा मेमरीचा पत्ता काढून जपून ठेवू नका, दर वेळी नव्याने विचारा.

प्रश्न : आम्ही रेंडरिंगचे सर्व कॉल संपल्यावर रिलीज पाठवतो. तरीही एका ग्राफिक्स कार्डवर चित्र झगमगते, दुसऱ्यावर नाही. एक्स्प्लिसिट सिंक घेतल्याने हे मिटेल असे सहकारी म्हणतात. खरे आहे का, आणि त्यात बफरच्या आयुष्याविषयी काय बदलते? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : सहकारी बरोबर सांगत आहेत, पण कारण समजून घेतल्याशिवाय बदल करू नका, नाहीतर झगमगाटाच्या जागी गोठणे येईल.

तुमचे कॉल संपले याचा अर्थ जीपीयूला काम सांगून झाले. जीपीयूने ते केले असा नव्हे. रिलीज गेला त्या क्षणी जीपीयू अजून तो बफर वाचत असू शकतो. तरीही हे बहुतेक कार्डांवर निभावते, कारण कर्नल प्रत्येक डीएमए-बफपाशी वाचन-लेखनाच्या फेन्सची (काम संपल्याचे कळवणाऱ्या खुणांची) नोंद ठेवतो आणि अ‍ॅपचे नवे लेखन आधीचे वाचन संपेपर्यंत आपोआप थांबवतो. याला इम्प्लिसिट सिंक म्हणतात. ज्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नाही, आणि एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर हे त्याचे ठळक उदाहरण होते, तेथे कोणी थांबत नाही आणि अर्धवट चित्र दिसते. लिनक्स ६.० मध्ये, म्हणजे २०२२ मध्ये, डीएमए-बफमधले फेन्स बाहेर काढण्याची आणि बाहेरचे आत घालण्याची सोय झाली. २०२४ मध्ये वेलँडसाठी डीआरएम सिंकऑब्जेक्टवर आधारलेला प्रोटोकॉल आला, आणि एनव्हिडियाने त्याच वर्षी ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरमध्ये त्याला आधार दिला.

या नव्या पद्धतीत, म्हणजे एक्स्प्लिसिट सिंकमध्ये, अ‍ॅप प्रत्येक कमिटबरोबर टाइमलाइनवरचे दोन बिंदू देते. एक अ‍ॅक्वायर, म्हणजे ‘माझे चित्र येथे पूर्ण होईल’; दुसरा रिलीज, म्हणजे ‘तुझे वाचन संपले की येथे खूण कर’. बफरच्या आयुष्याच्या दृष्टीने मोठा फरक असा, की रिलीज आता बफरला नव्हे, कमिटला बांधला गेला. जुन्या पद्धतीत एकच बफर दोन सरफेसना जोडला तर रिलीज केव्हा येईल याची काही शाश्वती प्रोटोकॉल देत नाही. येथे प्रत्येक कमिटचा बिंदू वेगळा असल्यामुळे तो घोळ उरत नाही. शिवाय रिलीज बिंदूला तुम्ही जीपीयूच्या कामाचा फेन्सच जोडू शकता, म्हणजे तुमच्या सीपीयूला काम संपण्याची वाट पाहत बसावे लागत नाही.

दोन ठिकाणी सांभाळा. अ‍ॅक्वायर बिंदू पूर्ण व्हायची वाट कंपोझिटरने जागच्या जागी थांबून पाहू नये. एक मंद अ‍ॅप मग सगळी स्क्रीन अडवून धरते. ते कमिट बाजूला ठेवावे आणि बिंदू पूर्ण झाला की लागू करावे. तोपर्यंत आधीचा बफर आणि नवा बफर अशा दोघांवरही तुमचा लॉक राहतो, त्यामुळे दोन बफर बाळगणाऱ्या अ‍ॅपला क्षणभर थांबावे लागेल. आणि एखादे कमिट तुम्ही कधीच दाखवले नाही, मध्येच त्याहून नवे आले म्हणून टाकून दिले, तरी त्याच्या रिलीज बिंदूवर खूण झालीच पाहिजे. ती राहिली तर अ‍ॅप कायमचे थांबते, आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही सापडत नाही.

प्रश्न : बफर गळती आणि अकाली सुटका हे दोष गाडीत बसवण्याआधी, टेबलावरच, पकडण्याची काही पद्धत आहे का? आमच्याकडे दर वेळी खरा डिस्प्ले उपलब्ध नसतो. – एक वाचक, कात्रज

उत्तर : खऱ्या डिस्प्लेशिवायही बरेच काही पकडता येते. कर्नलमध्ये व्हीकेएमएस नावाचा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर आहे. फ्लिप-सूचना आणि फ्रेमबफरचे नियम त्यावर तपासता येतात. कंपोझिटर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावून बांधा आणि त्यावर अ‍ॅपला कमिटनंतर लगेच, कमिट आणि फ्लिप यांच्या मध्ये, आणि खिडकी बंद होण्याचे अ‍ॅनिमेशन चालू असताना, असे वेगवेगळ्या क्षणी सिगकिलने मारत राहा. अकाली सुटकेचे बहुतेक दोष या एका चाचणीत उघडे पडतात. अ‍ॅपच्या बाजूने पाहायचे तर वेलँडचा डीबग पर्याय चालू केला की प्रत्येक कमिट आणि रिलीज वेळेसह छापला जातो.

गळतीसाठी डीबगएफएस या कर्नलच्या तपासणी-फोल्डरमध्ये डीएमए-बफची यादी असते, तीत प्रत्येक बफरचा आकार आणि धारकांची मोजणी दिसते. प्रॉकमधील प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये डिस्क्रिप्टर किती उघडे आहेत ते मोजा. डीएमए-बफ टेक्श्चरसाठी ईजीएलमध्ये आयात केला तरी डिस्क्रिप्टरची मालकी तुमच्याकडेच राहते. तो बंद करायचा राहिला तर मेमरी संपण्याच्या पुष्कळ आधी डिस्क्रिप्टरची मर्यादा गाठली जाते, आणि ती पुष्कळ यंत्रांवर १०२४ असते.

याउपर माझा आग्रह असा, की तपासणीच्या बांधणीत लॉकची नुसती संख्या ठेवू नका, प्रत्येक लॉकला कारणाचे नाव द्या : ‘चालू स्थिती’, ‘फ्लिप बाकी’, ‘अ‍ॅनिमेशन’, ‘स्क्रीनशॉट’. मोजणी ३ आहे एवढ्यावरून काही उमगत नाही. ‘स्क्रीनशॉट’ हा लॉक चित्र घेऊन झाल्यावरही तसाच आहे असे दिसले की दोष पाच मिनिटांत सापडतो. मात्र ‘दोन सेकंदांहून जास्त धरलेला बफर म्हणजे गळती’ असा सरसकट इशारा लावू नका. स्थिर खिडकीचा शेवटचा बफर कंपोझिटर तासन्‌तास धरून ठेवतो आणि ते योग्यच असते. इशारा द्यायचा तो अशा बफरसाठी, जो कोणत्याही सरफेसच्या चालू किंवा प्रलंबित स्थितीत नाही, ज्याची फ्लिप बाकी नाही, आणि तरीही ज्याच्यावर लॉक आहे.